पाण्यातला कान आणि पिंक फ्लॉईडचा ‘मेडल’

रात्री दहानंतर आमच्या वाडीतून समुद्र किती लांब आहे ते डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं. ओहोटी असली की गाज बारीक येते, जणू पलीकडच्या गावातून. भरती चढायला लागली की तीच गाज जड होते, पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेला तर माडांच्या पहिल्या रांगेमागेच कुणी मोठं जनावर श्वास घेतंय असं वाटतं. किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. आवाज ऐकून अंतर ओळखायचं, एवढीच ही गोष्ट.

पिंक फ्लॉईड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मेडल’ हा अल्बम समजून घ्यायला माझ्या मते एवढीच पात्रता लागते. बरेचजण सांगतात की हे संगीत अवघड आहे, त्यासाठी इंग्रजी चांगलं हवं, रॉकचा इतिहास ठाऊक हवा, काहीजण तर नशा हवी असंही सांगतात. यातलं काहीही लागत नाही. गेली पंधरा वर्षं मी हा अल्बम ऐकतोय आणि दर वेळी त्यात एकच गोष्ट शोधतो: हा आवाज माझ्यापासून किती लांब आहे, आणि आता तो जवळ येतोय की दूर जातोय?

आधी थोडी ओळख. ‘मेडल’ १९७१ च्या शेवटी आला. तेव्हा बँडमध्ये चौघे होते: बास गिटारवर रॉजर वॉटर्स, गिटारवर डेव्हिड गिल्मर, ऑर्गन आणि पियानोवर रिचर्ड राईट, ड्रम्सवर निक मेसन. पहिला गायक-गीतकार सिड बॅरेट १९६८ मध्ये बाहेर पडला होता आणि त्याच्याशिवाय आपण नेमके कोण, हे या चौघांना अजून सापडायचं होतं. ज्या ‘डार्क साईड ऑफ द मून’मुळे जग त्यांना ओळखतं तो १९७३ चा, म्हणजे अजून वर्षाहून जास्त लांब. ‘मेडल’ साधारण ४७ मिनिटांचा आहे. तबकडीच्या पहिल्या बाजूला पाच गाणी, आणि दुसरी पूर्ण बाजू एकाच रचनेची: ‘एकोज’, म्हणजे प्रतिध्वनी, साडेतेवीस मिनिटांची. मुखपृष्ठावर पाण्याखालचा एक कान आहे आणि त्यावर पसरत गेलेली वर्तुळं. मला हे चित्र बरीच वर्षं कळलंच नव्हतं, कुठला तरी खडक असावा असं वाटायचं. पूर्ण उघडून धरलं तेव्हा कान दिसला.

या प्रकाराला ‘स्पेस रॉक’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं की गाण्यांत ग्रह, तारे, रॉकेटं असतील. सुरुवातीला तशी होतीही. फ्लॉईडच्याच १९६७ च्या पहिल्या अल्बममध्ये अवकाशावरची गाणी आहेत, आणि जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा बीबीसीच्या कार्यक्रमात या मंडळींनी ऐन वेळी सुचेल तसं वाजवलं होतं. हॉकविंड या दुसऱ्या ब्रिटिश बँडने तर अवकाशप्रवास हाच आपला विषय केला. पण शब्दांतून तारे काढून टाकले तरी स्पेस रॉक उरतो. त्यातली ‘स्पेस’ म्हणजे मोकळी जागा. वाद्यांच्या मधली, सुरांच्या मधली, आणि ऐकणाऱ्याच्या भोवतीची. ‘मेडल’मध्ये अवकाश जवळजवळ नाहीच, समुद्र आहे, आणि तरीही तो मला या प्रकारातला सगळ्यात भरीव अल्बम वाटतो.

दुसरा शब्द ‘सायकेडेलिक’. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात ग्रीक शब्द जोडून तो घडवला. मनातलं प्रकट करणारं, असा त्याचा ढोबळ अर्थ. तेव्हा तो औषधांबद्दल होता, पुढे संगीताला चिकटला. संगीतात त्याचा उपयोग एका विशिष्ट अनुभवासाठी होतो: वेळेचं भान सैल पडणं. हा अनुभव घडवायची युक्ती सगळीकडे सारखीच आहे. एक सूर धरून ठेवायचा, एक आकृती पुन्हा पुन्हा वाजवायची आणि बदल इतका हळू करायचा की तो कधी झाला ते कळू नये. मेंदू पुढचा टप्पा मोजायचं सोडून देतो. आपल्याकडे तानपुरा हेच करतो. गायक सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं नुसता तानपुरा ऐकलेला माणूस ‘एकोज’च्या निम्म्या वाटेवर पोचलेला असतो. सिंधुदुर्गात रात्रभर दशावतार पाहिलेल्यालाही हे ठाऊक आहे. पहाटे तीनच्या सुमारास मृदंग आणि झांज एका लयीत धरून ठेवतात, राजा आणि राक्षस गोल फिरत राहतात, आणि अर्धा तास गेला की दहा मिनिटं, ते सांगता येत नाही. चहा सोडून कसलीच नशा तिथे नसते.

आता प्रतिध्वनीकडे, कारण या अल्बमचं सगळं यंत्र त्यावर चालतं.

आवाज आमच्या दमट उन्हाळी हवेत सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. विजयदुर्गाच्या तटापासून ८५-९० मीटरवर होडी उभी करून हाक मारा. हाक तटापर्यंत जाऊन परत यायला अर्धा सेकंद लागतो, आणि ती वेगळी, दुसऱ्या कुणी मारल्यासारखी ऐकू येते. तीच हाक परसातल्या दहा मीटर खोल विहिरीत मारा. ती सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास परत येते. एवढ्या कमी वेळात मेंदू दोन आवाज सुटे करत नाही, त्याला एकच जाड झालेला आवाज वाटतो. त्यालाच आपण ‘विहीर घुमते’ म्हणतो. म्हणजे प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून आपण, न शिकता, जागेचं माप घेत असतो. डोळे मिटून टाळी वाजवली तरी खोली रिकामी आहे की कपड्यांनी भरलेली, ते कळतं ते यामुळेच.

मग उलटा विचार करा. प्रतिध्वनीचा वेळ जर हातात ठेवता आला, तर नसलेली जागा कानात उभी करता येईल. लंडनच्या बंद स्टुडिओत बसून विजयदुर्गाचा तट बांधता येईल. १९७१ मध्ये यासाठी संगणक नव्हता. फ्लॉईडकडे होतं बिनसन एकोरेक नावाचं इटालियन यंत्र. त्यात एक चुंबकीय चकती फिरत असते. एक शीर्ष तिच्यावर आवाज लिहितं आणि पुढे ठरावीक अंतरांवर बसवलेली शीर्षं तो वाचतात. लिहिलेला आवाज फिरत फिरत पहिल्या वाचकाकडे पोचतो तेव्हा एकदा वाजतो, दुसऱ्याकडे पोचला की पुन्हा, मग पुन्हा. शीर्षांमधलं अंतर म्हणजेच तटापर्यंतचं अंतर.

अल्बमची सुरुवात वाऱ्याने होते. मग बास गिटारचा एकच जाड ठोका, पाठोपाठ आणखी. हे ‘वन ऑफ दीज डेज’. हेडफोन असतील तर लक्षात येईल की बास एका कानात सुरू होतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या कानात दुसरा बास येऊन मिळतो. एक वॉटर्स वाजवतोय, एक गिल्मर. दोघांचे सूर एकोरेकमधून जातात. वाजवणारा एक ठोका देतो, यंत्र त्याची पिल्लं पाठोपाठ सोडतं, आणि वाजवलेला व परत आलेला आवाज एकमेकांत असे गुंततात की घोड्याची दुडकी चाल ऐकू येते. दोन हातांत ती चाल नाही. हात आणि प्रतिध्वनी मिळून ती तयार होते. मी हे समजून घेऊन पुन्हा ऐकलं त्या दिवशी गाण्याचा सांगाडाच दिसला. अख्ख्या गाण्यात एकच वाक्य आहे, तेही मेसनने बोललेलं आणि नंतर बदलून राक्षसी केलेलं, आणि त्यानंतर ड्रम्स फुटतात ते ऐकताना अजून अंगावर काटा येतो.

पहिल्या बाजूवरच्या बाकीच्या गाण्यांबद्दल माझं मत सरळ आहे. ‘अ पिलो ऑफ विंड्स’ झोपेच्या काठावरचं सुंदर गाणं आहे. ‘फिअरलेस’ त्याहून चांगलं. त्यात लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर हजारो माणसं एकत्र गात असल्याचं ध्वनिमुद्रण मिसळलंय, आणि ते शेवटी दुरून जवळ येतं. जत्रेच्या वाटेवर भजनाचा आवाज लागतो, तसं. ‘सॅन ट्रोपे’ हलकंफुलकं. ‘शेमस’मध्ये एका कुत्र्याचं भुंकणं आणि विव्हळणं साथीला आहे, ते दोन मिनिटांचं आहे आणि मला ते तिथे नको वाटतं. पण पुढच्या साडेतेवीस मिनिटांआधी कान रिकामे करायला त्याचा उपयोग होतो, असं मी स्वतःला समजावतो.

‘एकोज’ कसं घडलं ते कळलं की ते जास्त आवडतं. १९७१ च्या जानेवारीत चौघे ॲबी रोड स्टुडिओत गेले तेव्हा हातात एकही पुरं गाणं नव्हतं. त्यांनी सुटे तुकडे ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि त्यांना नाव दिलं ‘नथिंग’, म्हणजे काहीच नाही. काहीच नाही भाग एक, भाग दोन, असे चोवीस. बहुतेक टाकाऊ निघाले. एकात मात्र राईटने पियानोवर वरच्या पट्टीतला एक सूर दाबला होता, आणि तो पियानो लेस्ली स्पीकरमधून वाजत होता.

लेस्ली म्हणजे लाकडी पेटी, आत फिरणारा कर्णा. कर्णा आपल्याकडे वळतो तेव्हा सूर किंचित चढतो आणि मोठा होतो, पाठ फिरवतो तेव्हा उतरतो आणि लहान होतो. कुडाळ स्टेशनावर न थांबणारी गाडी भोंगा वाजवत जाते तेव्हा समोरून जाताना तो भोंगा खाली पडल्यासारखा होतो. तेच इथे सेकंदात कित्येकदा आणि अगदी थोड्या प्रमाणात घडतं. त्यामुळे पियानोचा कोरडा सूर पाण्यातून आल्यासारखा थरथरतो. टिंग. पुढे मोठ्या तयारीने तो सूर पुन्हा वाजवायचा प्रयत्न झाला, पण ती थरथर जमेना. शेवटी कच्च्या ध्वनिमुद्रणातलाच सूर वापरला. त्या एका टिंगपासून ‘एकोज’ सुरू होतं.

माझा मामा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, आहे. उभं आयुष्य समुद्रावर गेलंय. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, बोटी जेटीला लागलेल्या एका रात्री, मी त्याला माझे हेडफोन दिले आणि ‘एकोज’ लावलं. तिसऱ्या-चौथ्या टिंगनंतर तो म्हणाला, “ह्यो आवाज माका वळखीचो वाटता.” आणि त्याने हाताने केबिनमधल्या फिश फाइंडरकडे, मासे शोधायच्या यंत्राकडे, दाखवलं.

खरं तर फिश फाइंडर जो आवाज पाण्यात सोडतो तो माणसाला ऐकूच येत नाही. आपला कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत पोचतो, ते यंत्र ५० हजार किंवा दोन लाखांवर बोलतं. आपल्याला ऐकू येते ती त्याची सूचनेची पिपाणी. पण मामाने नातं बरोबर ओळखलं होतं. तळाकडे एक आवाज सोडायचा, तो परत यायची वाट बघायची, आणि किती वेळ लागला त्यावरून खाली काय आहे ते ठरवायचं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त, सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. पंधरा वाव पाणी असेल, म्हणजे साधारण २७ मीटर, तर जाऊन यायला सेकंदाचे चार शतांशही लागत नाहीत. राईटचा सूर तसाच खाली सोडलेला आहे, फक्त त्याचा समुद्र फार खोल आहे. प्रत्येक टिंगनंतर जी शांतता आहे, ती म्हणजे सूर अजून तळापर्यंत पोचलेला नाही.

पहिली तीन मिनिटं असं पाणी भरत जातं. टिंगभोवती पियानो जमतो, मग गिटार, बास, ड्रम्स. मग गिल्मर आणि राईट दोघे मिळून गातात, आवाज इतके जुळलेले की एकाच माणसाचे वाटावेत. शब्दांत वर हवेत स्थिर टांगलेला अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी आहे, खाली लाटा आणि पोवळ्यांच्या गुहा. अल्बाट्रॉस आमच्याकडे नाही, हिवाळ्यात येतात ते कुरव. पण वाऱ्यावर पंख न हलवता टांगून राहिलेला कुरव पाहिला असेल तर ती ओळ समजावून सांगायला नको. पुढच्या कडव्यात समुद्र सुटतो आणि रस्त्यावरून जाणारी दोन अनोळखी माणसं येतात, त्यांची नजर क्षणभर जुळते. एकाला दुसऱ्यात आपणच दिसतो. खाली सोडलेला सूर कुणाला तरी लागून परत आला, असं मी ते वाचतो.

सातव्या मिनिटाच्या आसपास लय जमिनीवर येते. बास आणि ड्रम्स ठसक्यात चालतात, ऑर्गन आणि गिटार एकमेकांना उत्तरं देतात. पाय हलवावा असा हा भाग, आणि तो चार मिनिटं टिकतो. इथे बरेचजण खूश होतात आणि पुढच्या भागात सोडून जातात.

अकराव्या मिनिटानंतर ताल निघून जातो. सगळाच. वारा उरतो, आणि त्यात किंचाळ्या. देवमासा, समुद्रपक्षी, हरवलेलं मूल, ज्याला जे वाटेल ते. तो गिटारच आहे. गिटारवादक पायाखाली वाह-वाह नावाचं पेडल वापरतात, ते सुराचा रंग ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत फिरवतं. एकदा चुकून त्याच्या आत जाणारी आणि बाहेर येणारी वायर उलटी जोडली गेली आणि पेडल स्वतःच किंचाळायला लागलं. गिल्मरने ती चूक दुरुस्त केली नाही. गिटारची बटणं फिरवून तो त्या किंचाळीला वळण द्यायला शिकला. मागे कावळ्यांसारखे पक्षी ओरडतात. मोजायला ताल नाही, धरायला चाल नाही, अंतर सांगणारा एकही खांब नाही. धुक्यात किनारा दिसेनासा होतो आणि इंजिन बंद करून नुसतं ऐकत राहावं लागतं, तसं ते चार मिनिटांचं ऐकणं आहे. पहिल्यांदा ऐकताना मी हा भाग पुढे सरकवला होता. ती माझी मोठी चूक होती, कारण याच्याशिवाय पुढचं काही घडत नाही.

मामाने इथे एक कान मोकळा केला आणि विचारलं, “तो पयलो आवाज खंय गेलो? परत कधी येतलो?”

मी म्हटलं, “मामा, थांबा. येतो.”

पंधराव्या मिनिटाच्या सुमारास तो येतो. टिंग. सूर तोच, पण आता त्याच्यामागे सगळा अंधार आहे, आणि म्हणून तो सुरुवातीपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. त्याच्याखाली ऑर्गन हळूहळू चढतो, गिटारच्या दाबून वाजवलेल्या सुरांची टिकटिक सुरू होते, आणि ही चढण इतकी लांबवली आहे की शेवटचं कडवं येतं तेव्हा घरात शिरल्यासारखं होतं. मग उतरण. अगदी शेवटी मोठा जमाव वर वर जात गातोय असा आवाज येतो. तिथे जमाव नाही. खोलीच्या दोन टोकांना दोन टेपरेकॉर्डर ठेवले होते. एक वाजवत होता आणि त्याच वेळी लिहीत होता, दुसरा ते थोड्या उशिराने परत वाजवत होता. पुन्हा प्रतिध्वनीच, यंत्राऐवजी खोलीभर पसरलेला.

ऐकायचं कसं, याबद्दल थोडं. फोनच्या स्पीकरवर नको. बास गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला ४१ कंपनांची, आणि तो चिमुकला स्पीकर तेवढं खाली उतरूच शकत नाही. म्हणजे ‘वन ऑफ दीज डेज’चा पायाच जातो. साधे हेडफोनही चालतील, डावा-उजवा कान तेवढा बरोबर लावा. पावसाळ्यात नको. कौलांवर पाऊस पडत असताना सुरुवातीचं टिंग त्या आवाजात बुडतं आणि आपण आवाज वाढवतो, मग ड्रम्स येतात तेव्हा कान फाटतात. दिवाळीनंतरच्या रात्री सगळ्यात चांगल्या. आवाज इतकाच ठेवा की हेडफोन काढल्यावर गाज लगेच ऐकू यावी. आणि ‘एकोज’ मध्येच थांबवू नका, साडेतेवीस मिनिटं नसतील तर दुसऱ्या दिवशी ऐका. बघायचंही असेल तर याच बँडने ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन, रिकाम्या रंगमंडलात ते वाजवलेलं चित्रित झालेलं आहे. समोर एकही प्रेक्षक नाही, नुसता दगड.

त्या रात्री शेवटचा वारा विरला तरी मामाने हेडफोन काढले नाहीत. बोट दोरावर जराशी हलत होती, खाली पाणी जेटीच्या खांबांना लागत होतं. मग त्याने बोटाने खूण केली.

“पयलो आवाज परत लाव.”